मेलेला मासा आणि जगलेला मासा

आमच्या पंचगंगेच्या काठी वर्षातून दोन-तीनदा एक बातमी ठरल्यासारखी येते. अमुक बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच. सोबत फोटो असतो. पाण्यावर पांढऱ्या पोटांचा थर, काठावर नाकाला रुमाल लावलेली माणसे. दुसऱ्या दिवशी बातमी येते की पाण्याचे नमुने घेतले. तिसऱ्या दिवशी कळते की पाण्यातला ऑक्सिजन कमी झाल्याने मासे मेले. चौथ्या दिवशी बातमी संपते. पुढच्या वेळी फक्त बंधाऱ्याचे नाव बदलते.

या बातमीवर सगळे हळहळतात, मीही हळहळते. पण गेली काही वर्षे मला राहून राहून वाटते की आपण चुकीच्या माशाकडे बघतो आहोत. मेलेला मासा निदान दिसतो. त्याचा वास येतो, त्यावर मोर्चा निघतो. जो मासा मेला नाही, विष अंगात घेऊन पोहतो आहे आणि उद्या बाजारात टोपलीत येणार आहे, त्याच्याबद्दल कोणी बोलत नाही. आजचा लेख त्या जगलेल्या माशाबद्दल आहे.

आधी सांगते, मी विज्ञानाची शिक्षिका नव्हे. मराठी आणि इतिहास शिकवण्यात माझी नोकरी झाली. पण निवृत्त झाल्यावर वाचायला वेळ मिळाला, आणि विज्ञान शिकवणाऱ्या माझ्या जुन्या सहकाऱ्यांना मी प्रश्न विचारून भंडावून सोडले. त्यातून जे समजले ते माझ्या भाषेत मांडते आहे.

माझा एक जुना विद्यार्थी भोई समाजातला आहे. आता त्याचीच मुले कॉलेजात आहेत. मागे एकदा बाजारात भेटला. मेलेल्या माशांची बातमी ताजी होती म्हणून मी विचारले, काय रे, धंद्याचे कसे? तो म्हणाला, "बाई, मेल्याला मासा कोण इकतंय? त्यो फेकून द्यायचा. मला भ्या वाटतंय ते जित्त्या माशाचं. त्यो चांगला दिसतोय, पर त्याच्या पोटात काय हाय हे मलाबी म्हाईत न्हाई, घेणाऱ्यालाबी म्हाईत न्हाई."

एवढ्या नेमक्या शब्दांत हा प्रश्न मी कुठल्याही अहवालात वाचलेला नाही.

"ऑक्सिजन कमी झाला" म्हणजे काय झाले?

गळा दाबून मारलेल्या माणसाच्या दाखल्यावर "श्वास थांबल्याने मृत्यू" असे लिहिले, तर ते खोटे नाही. पण गळा कोणी दाबला हे त्यात येत नाही. "पाण्यातील ऑक्सिजन घटल्याने मासे मेले" हे वाक्य तसेच आहे. ऑक्सिजन आपण होऊन घटत नाही. शहराचे सांडपाणी, मळीचे पाणी, कुजणारी जलपर्णी असे काही नदीत आले की ते खाणारे जिवाणू बेसुमार वाढतात आणि पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपवतात. मासे आणि इतर जलचर नीट जगावेत यासाठी एक लिटर पाण्यात निदान ४ मिलिग्रॅम विरघळलेला ऑक्सिजन हवा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचाच निकष आहे. तो त्याखाली का गेला आणि कोणामुळे गेला, हे सांगितल्याशिवाय दिलेले उत्तर हे उत्तरच नव्हे.

तरीही एक गोष्ट मान्य करायला हवी. हा घाणीचा प्रकार वाईट असला तरी नदी तो पचवू शकते. सांडपाणी बंद करा, नदी वाहती ठेवा, काही काळाने पाणी सुधारते. कारण कुजणारी वस्तू कुजून संपते.

पण शिसे, कॅडमियम, पारा, निकेल यांचे काय? धातू कुजत नाही. तो कोणताही जिवाणू खाऊन संपवू शकत नाही. नदीत गेलेले शिसे शंभर वर्षांनीही शिसेच राहते. "नदी वाहती आहे, सगळे वाहून जाते" असे आपल्याकडे अगदी शिकलेली माणसेही म्हणतात. ही समजूत धातूंच्या बाबतीत साफ चुकीची आहे. धातूचा मोठा भाग मातीच्या बारीक कणांना चिकटतो आणि जिथे पाणी संथ होते तिथे तळाला बसतो. आमच्या नद्यांवर तर पावलापावलाला बंधारे आहेत. ज्या बंधाऱ्यांना "कोल्हापूर पद्धतीचे बंधारे" म्हणून सगळा महाराष्ट्र ओळखतो, त्यांच्या मागे पाणी तुंबते, गाळ साठतो, आणि त्या गाळात जे काही आले ते साठते. वरचे पाणी नितळ दिसले म्हणून खालचा गाळ स्वच्छ आहे असे होत नाही. पाणी आम्लधर्मी झाले किंवा गाळ ढवळला गेला, की बसलेला धातू पुन्हा पाण्यात येतो.

हे धातू येतात कुठून?

कारखान्यांचे नाव आपण लगेच घेतो, आणि ते घेतलेच पाहिजे. मुलामा देण्याचे काम, रंग, कातडी कमावणे, धातूकाम या सगळ्यांतून धातू येतात. पण आज मला ज्या वस्तूबद्दल बोलायचे आहे ती तुमच्या-माझ्या घरात आहे. ती म्हणजे बॅटरी.

जरा घरात फेरी मारून या. भिंतीवरच्या घड्याळात सेल आहे, टीव्हीच्या रिमोटमध्ये दोन आहेत. नातवंडांच्या खेळण्यांत किती आहेत ते त्यांनाच ठाऊक. मनगटी घड्याळात आणि वजनकाट्यात बटणासारखा सेल आहे. जिन्याखाली इन्व्हर्टरची बॅटरी आहे. दारात दुचाकी आहे, तिच्यात एक आहे. प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. आणि डास मारायची ती रॅकेट! स्वस्तातल्या पुष्कळ रॅकेटींमध्ये आणि चार्जिंगच्या टॉर्चमध्ये शिशाची छोटी बंद बॅटरी असते. वर्षभरात ती बिघडते, दुरुस्त होत नाही, आणि आपण ती सरळ घंटागाडीत टाकतो. म्हणजे भाजीच्या देठांबरोबर शिसे जाते.

इन्व्हर्टरच्या आणि गाडीच्या बॅटरीत वजनाच्या निम्म्याहून अधिक शिसे असते, आणि उरलेल्यात गंधकाचे आम्ल. या मोठ्या बॅटरीला भंगारात किंमत येते, म्हणून ती कोणी उकिरड्यावर टाकत नाही. नवी घेताना दुकानदार जुनी परत घेतो. इथपर्यंत ठीक. पण पुढे ती रीतसर कारखान्यात जाते की कुठल्या तरी शेडमध्ये, हे आपण विचारत नाही. अशा शेडमध्ये बॅटरी कुऱ्हाडीने फोडतात, शिसे विरघळलेले आम्ल गटारात किंवा जमिनीवर ओततात, आणि पत्रे भट्टीत वितळवतात. गटार ओढ्याला मिळते आणि ओढा नदीला. भट्टीचा धूर शेजारच्या पोरांच्या छातीत जातो. २०२० मध्ये युनिसेफ आणि 'प्युअर अर्थ' या संस्थेने मिळून एक अहवाल काढला. जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या, म्हणजे तिघांत एका मुलाच्या रक्तात चिंता करावी इतके शिसे आहे असे त्यात म्हटले आहे. त्याच्या मोठ्या कारणांत जुन्या बॅटऱ्या अशा गैररीतीने फोडणे हे एक सांगितले आहे.

लहान सेलची गोष्ट उलटी. त्याला भंगारात किंमत नाही, म्हणून तो परत येत नाही. साध्या पेन्सिल सेलमध्ये जस्त आणि मँगनीज असते. जुन्या काळी त्यात पाराही घालत. चार्ज करायच्या जुन्या पद्धतीच्या सेलमध्ये निकेल आणि कॅडमियम. मोबाइलच्या बॅटरीत लिथियम, आणि बहुतेकींत कोबाल्ट. हे सगळे कचरा डेपोवर जाते, तिथे सडते, आणि पावसाचे पाणी त्यातून झिरपून बाहेर पडते. आपल्याकडे किती गावांचा कचरा ओढ्याच्या किंवा नदीच्या काठाला पडतो, हे मी सांगायची गरज नाही. एसटीने प्रवास करताना गावाच्या वेशीवरचा पूल आला की खिडकीतून खाली बघा.

माशाला नेमके होते काय?

मासा कल्ल्यांनी श्वास घेतो हे आपण चौथीत शिकलो. पण कल्ल्याचे काम तेवढेच नाही. गोड्या पाण्यातला मासा पाण्यातले क्षारही कल्ल्यांतूनच आत ओढून घेतो. त्यातला एक महत्त्वाचा म्हणजे कॅल्शियम. कॅडमियम आणि शिसे कॅल्शियमचे सोंग घेऊन त्याच दरवाजाने आत शिरतात आणि खऱ्या कॅल्शियमची वाट अडवतात. तांबे आणि जस्त जास्त झाले की कल्ल्यांना इजा होते, त्यांवर चिकट थर येतो, आणि भरपूर ऑक्सिजन असलेल्या पाण्यातही मासा गुदमरतो. म्हणजे "ऑक्सिजन कमी नव्हता" हे सिद्ध झाले तरी मासा गुदमरून मेलेला असू शकतो.

पण मी म्हटले तसे, मरणे हा या गोष्टीचा छोटा भाग आहे. शिशाने ट्राउट माशांची शेपटी काळी पडते आणि कणा वाकडा होतो, हे शास्त्रज्ञांनी नोंदवून ठेवले आहे. तांब्याच्या अगदी थोड्या मात्रेनेही सामन माशांची वास घेण्याची शक्ती जाते. मासा वास घेतो? हो, आणि त्याचे पुष्कळसे आयुष्य वासावर चालते. एखादा मासा जखमी झाला की त्याच्या कातडीतून एक द्रव्य पाण्यात सुटते आणि आसपासचे सोबती सावध होऊन पळतात. कार्ल फॉन फ्रिश नावाच्या शास्त्रज्ञाने हे १९३८ मध्ये दाखवून दिले. ज्या माशाला हा इशारा कळला त्याचे नाते आपल्या रोहू-कटल्याच्या कार्प मंडळींशी आहे. आता ज्या माशाचे नाकच बधिर झाले, त्याला शत्रू आलेला कळणार नाही. तो कुठल्याही बातमीत न येता खाल्ला जाईल. पाण्यावर एकही मासा तरंगणार नाही, आणि तरी काही वर्षांत नदीतले मासे कमी होतील. मग आपण म्हणू, हल्ली मरळ मिळत नाही बुवा पूर्वीसारखी.

सगळ्यांत नाजूक अवस्था अंड्याची आणि पिलाची. ज्या पाण्यात कॅल्शियम कमी, ज्याला आपण मऊ पाणी म्हणतो, त्यात धातूंचे विष जास्त लागू पडते. पावसाळ्यात नदीचे पाणी त्या मानाने मऊ असते, आणि आपले कार्प मासे नेमके पावसाळ्यातच अंडी घालतात. त्याच दिवसांत उकिरड्यांवरून, भंगाराच्या शेडांवरून धुऊन आलेले पाणी नदीत उतरते. पोटुशी बाई आणि विहिरीत सोडलेले विष एकाच दिवशी गावात यावे, तसा हा योग आहे.

मत्स्यन्याय

इतिहास शिकवताना मत्स्यन्याय हा शब्द यायचा. राजा नसेल तर मोठा मासा लहान माशाला गिळतो तसे बळी तो कान पिळी होते, असा त्याचा अर्थ. शतपथ ब्राह्मणात मनूची कथा आहे. हात धुताना त्याच्या ओंजळीत एक इवलासा मासा येतो आणि म्हणतो, मोठे मासे लहानांना गिळतात, तोवर मला सांभाळ, मी तुला पुरातून वाचवीन. ज्या संस्कृतीत विष्णूचा पहिला अवतार मासा आहे, त्या संस्कृतीतली माणसे निर्माल्याच्या पिशवीबरोबर जुने सेलही नदीत सोडतात. याला काय म्हणायचे ते तुम्हीच ठरवा.

विषाच्या बाबतीत मत्स्यन्याय फार क्रूर आहे. तळाच्या गाळातला पारा काही जिवाणू अशा रूपात बदलतात की तो सजीवांच्या अंगात झपाट्याने मुरतो आणि सहज बाहेर पडत नाही. तो आधी शेवाळात जातो. शेवाळ खाणाऱ्या किड्यात तो जास्त, किडे खाणाऱ्या लहान माशात त्याहून जास्त, आणि लहान मासे खाणाऱ्या मरळीत किंवा शिवड्यात सगळ्यांत जास्त. प्रत्येक पायरीवर विष दाट होत जाते. शेवटच्या पायरीवर ताट घेऊन आपण बसलेलो असतो.

सगळे धातू असे वागत नाहीत, हेही सांगितले पाहिजे, नाहीतर मी उगाच घाबरवते आहे असे होईल. पारा माशाच्या मांसात जातो. कॅडमियम मुख्यतः यकृत, मूत्रपिंड आणि कल्ल्यांत साठते. शिसे हाडांत जाऊन बसते. मोठा मासा साफ करून त्याचे तुकडे खाणाऱ्याच्या ताटात शिसे आणि कॅडमियम त्यामुळे कमी येते. पण नदीची बारीक मासळी डोक्या-काट्यासकट अख्खी खाल्ली जाते. ती कोण खाते? ज्याला पापलेट परवडत नाही तो. बाळंतिणीला, वाढत्या पोरांना हाडे बळकट व्हावीत म्हणून मुद्दाम खायला घालतात ती ही मासळी. म्हणजे बॅटरी वापरून टाकली एकाने आणि शिसे खाल्ले दुसऱ्याने. मला सगळ्यांत जास्त राग येतो तो याचा.

मोजपट्टीतच धातू नाही

आता सरकारी मोजमापाकडे येऊ. केंद्रीय मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात ३११ प्रदूषित नदीपट्टे दाखवले आहेत. त्यातले ५५ एकट्या महाराष्ट्रात आहेत, सगळ्या राज्यांत जास्त. आपण एवढा आकडा वाचून लाजतो. पण हे पट्टे ठरवतात कशावरून? बीओडीवरून, म्हणजे पाण्यातली कुजणारी घाण संपवायला जिवाणूंना किती ऑक्सिजन लागतो यावरून. तो लिटरला ३ मिलिग्रॅमच्या वर गेला की पट्टा प्रदूषित. पाण्याच्या गुणवत्तेचा जो निर्देशांक काढतात त्यात ऑक्सिजन, बीओडी, आम्लता आणि विष्ठेतले जिवाणू हे चार घटक धरतात. त्यात शिसे, कॅडमियम, पारा यांतले काहीच नाही.

म्हणजे एखाद्या डोहात कुजणारी घाण कमी असेल आणि तळाशी शिशाचा गाळ असेल, तर तो डोह या मोजपट्टीने "चांगला" ठरू शकतो. परीक्षेत गणिताचा पेपरच ठेवायचा नाही आणि मग मुलगा गणितात नापास नाही असे पालकांना सांगायचे, त्यातला हा प्रकार. धातू तपासायची यंत्रे आपल्याकडे नाहीत असे नाही. काही ठिकाणी तपासणी होतेही. पण जो आकडा लोकांपुढे येतो आणि ज्याच्यावर नदी पास-नापास ठरते, त्या आकड्यात धातू नाही, गाळ नाही, आणि मासा तर नाहीच.

परदेशातल्या दोन नद्या

हे सगळे कल्पनेचे खेळ आहेत असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी दोन घडलेल्या गोष्टी सांगते.

पहिली जपानची. मिनामाता हे नाव पुष्कळांना माहीत आहे, पण ते समुद्राकाठचे. तोच आजार १९६५ मध्ये निइगाता भागात आगानो नदीच्या काठी उघडकीला आला. वरच्या अंगाला शोवा डेंको कंपनीचा रासायनिक कारखाना होता, त्याच्या सांडपाण्यातून पारा नदीत येत होता. काठचे लोक नदीतले मासे खात होते. मासे पोहत होते, चवीला चांगले होते. माणसांचे हातपाय बधिर होऊ लागले, तोल जाऊ लागला, दिसेनासे झाले, तेव्हा कळले. कंपनी काय म्हणाली? १९६४ च्या भूकंपात गोदामातली शेतीची औषधे नदीत वाहून गेली, त्यामुळे हे झाले. १९७१ मध्ये न्यायालयाने लोकांच्या बाजूने निकाल दिला. दोष दुसऱ्यावर ढकलण्याची ही विद्या जगभर सारखीच आहे.

दुसरी गोष्ट अमेरिकेची, आणि ती थेट बॅटरीची आहे. न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीकाठी कोल्ड स्प्रिंग नावाचे गाव आहे. तिथे १९५० च्या दशकात लष्करासाठी निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांचा कारखाना निघाला. त्याचे सांडपाणी फाउंड्री कोव्ह नावाच्या लहानशा खाडीत सोडले जाई. १९७९ मध्ये कारखाना बंद झाला, पण कॅडमियम कुठे जाणार? काही जागी तर ते गाळात टक्क्यांत मोजावे इतके होते. त्या गाळात गांडुळाच्या नात्यातला एक बारीक किडा राहतो. शास्त्रज्ञांना आढळले की जेमतेम तीस वर्षांत या किड्याने कॅडमियम सोसायची ताकद कमावली आहे. दुसरीकडचे किडे त्या गाळात ठेवले की मरत, हे मात्र जगत.

"निसर्ग जुळवून घेतो" म्हणणाऱ्यांना हे ऐकून आनंद होईल. पण पुढचे ऐका. हा किडा जगतो कसा? कॅडमियम अंगातल्या प्रथिनांत आणि कणांत बांधून ठेवतो. म्हणजे तो विषाची चालती पुडी होतो, आणि त्याला खाणारा जीव ती पुडी गिळतो. तळाच्या किड्याने जुळवून घेतले, याचा अर्थ विषाला वर चढायला शिडी मिळाली. मासा तीस वर्षांत अशी ताकद कमावेल का? किड्याच्या पिढ्या भराभर होतात, माशाच्या होत नाहीत. माणसाच्या तर विचारूच नका.

मात्र या गोष्टीचा शेवट चांगला आहे. १९९३ ते १९९५ या काळात तो गाळ उपसून काढला गेला, खर्च अफाट झाला. पण काही वर्षांतच त्या किड्यांमधली ती ताकद उतरली, कारण तिची गरज संपली. माणसाने मनावर घेतले तर निस्तरता येते. फक्त आधी टाकायचे नाही, हे त्याच्या मानाने फुकटात पडते.

मग बॅटऱ्या वापरायच्याच नाहीत का?

असे मी मुळीच म्हणत नाही. माझ्या घरात इन्व्हर्टर आहे, वीज गेली की मलाही पंखा लागतो. विजेवरची वाहने आली, धूर कमी होईल, चांगलेच आहे. पण प्रत्येक नव्या बॅटरीबरोबर एक दिवस जुनी होणारी बॅटरी घरात येते, हे विसरता कामा नये. लिथियमच्या काही बॅटऱ्यांत फ्लोरीनची अशी रसायने वापरतात की ती निसर्गात मोडतच नाहीत. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी ती कारखान्यांच्या आसपासच्या पाण्यात आणि मातीत दाखवून दिली, आणि अगदी थोड्या मात्रेने लहान माशांच्या वागण्यात फरक पडतो असेही सांगितले. म्हणजे नव्या बॅटरीचा नवा प्रश्न दारात उभा आहे.

कायदा नाही असेही नाही. २००१ चा नियम फक्त शिशाच्या बॅटऱ्यांपुरता होता. ऑगस्ट २०२२ मध्ये आलेल्या नव्या नियमांत पेन्सिल सेलपासून मोटारीपर्यंत सगळ्या बॅटऱ्या आल्या. जुनी बॅटरी गोळा करायची जबाबदारी बनवणाऱ्यावर टाकली. ती पुरायला आणि जाळायला बंदी केली. ग्राहकानेही ती इतर कचऱ्यापासून वेगळी ठेवायची आहे. बॅटरीवर कचऱ्याच्या डब्याचे चित्र आणि त्यावर फुली असते, ती यासाठीच. किती जणांनी ते चित्र पाहिले आहे? आमच्या भागातल्या एका कार्यालयात मी विचारायला गेले, की जुने सेल कुठे द्यायचे. तिथले साहेब सभ्य होते. त्यांनी दोन टेबलांवर विचारून पाहिले आणि मला म्हणाले, "मॅडम, सध्या घंटागाडीतच द्या."

म्हणून माझ्या चार मागण्या आहेत. त्या फार मोठ्या नाहीत.

एक. सेल विकणाऱ्या प्रत्येक दुकानात जुना सेल परत घ्यावा आणि त्याचे पैसे द्यावेत. सोड्याच्या बाटलीला आपण डिपॉझिट ठेवत होतो की नाही? रिकामी बाटली कधी रस्त्यावर पडलेली दिसत नसे. कंपन्यांनी अशी योजना करावी याला २०२२ च्या नियमांत जागा आहे. दोन रुपये मिळणार म्हटल्यावर सेल गोळा करायला शाळेतली पोरेच पुरेशी आहेत.

दोन. प्रत्येक बंधाऱ्यामागचा गाळ आणि नदीतले मासे वर्षातून एकदा तरी धातूंसाठी तपासावेत, आणि निकाल मराठीत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावा. नुसते "नमुने घेतले" चालणार नाही. नमुन्यात काय निघाले ते सांगा.

तीन. बॅटऱ्या फोडणाऱ्या शेडांवर छापा घालून भंगारवाल्याला तेवढा उचलू नका. तो पोटासाठी करतो, आणि पहिले शिसे त्याच्याच पोरांच्या रक्तात जाते. त्याला रीतसर कारखान्याशी जोडा, त्याने आणलेल्या अख्ख्या बॅटरीला बरा भाव मिळू द्या, म्हणजे फोडायची गरज उरणार नाही.

चार. मासे विषारी निघाले तर मच्छीमाराला नुसती मासेमारीची बंदी देऊ नका, भरपाई द्या. विष त्याने टाकलेले नाही. ज्याने टाकले त्याच्याकडून ती वसूल करा.

यावर हमखास येणारा प्रश्न मला ठाऊक आहे. "अहो, माझ्या एका सेलने असे काय होणार आहे?" वर्गात एक मुलगा बोलला तर गोंगाट होत नाही. पण साठही मुले हाच विचार करून बोलू लागली तर काय होते, हे कुठल्याही शिक्षकाला विचारा. आणि कारखानदाराच्या तोंडी हाच युक्तिवाद आला की आपण त्याला बेजबाबदार म्हणतो. मग त्याला एक न्याय आणि आपल्याला दुसरा कसा?

दुसरा प्रश्न असा येतो, की घाबरून नदीचे मासे खाणे सोडायचे का? मी सोडायला सांगत नाही, कारण त्याने नदी सुधारत नाही, फक्त मच्छीमार उपाशी राहतो. मी विचारायला सांगते. पुढच्या वेळी मासे मेल्याची बातमी आली की आपल्या नगरसेवकाला, सरपंचाला, आमदाराला दोनच प्रश्न विचारा. गाळात काय सापडले? आणि जे मासे मेले नाहीत, त्यांच्या अंगात काय सापडले?

उत्तर मिळेपर्यंत तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत राहा. आणि तोवर घरात एक जुनी बरणी ठेवा, वापरून झालेले सेल तिच्यात टाका, घंटागाडीत देऊ नका. आमच्या बरणीत आजवर एकेचाळीस जमले आहेत. ते कुठे द्यायचे याचे उत्तर मला अजून हवेच आहे.